डाव्या हाताची गाठ

आमच्या काकांना सगळे आहेकाका म्हणतात. हे नाव शेडमधल्या बायकांनी ठेवलं. काम चाललेलं असतं, काकांच्या हातात ओला खेकडा असतो, कुणी हाक मारलेली नसते, आणि ते एकदम मान वर करून म्हणतात, "आहे!" शाळेत हजेरीला पोरं म्हणतात तसं. मग मान खाली आणि काम पुन्हा सुरू. नवीन माणूस दचकायचा. आम्हाला सवय झाली होती. "वरून हजेरी घेतायत वाटतं," एखादी बाई म्हणायची, "नाव पुकारतायत तोवर बरं आहे काका, खोडलं की संपलं." काका हसायचे, मीही हसायचे.

मी त्यांची पुतणी. मी बोलायला शिकत होते त्या वर्षी माझे वडील समुद्रावर गेले ते परत आले नाहीत. आई मी शाळेत असताना आजारानं गेली. तेव्हापासून मला काकांनीच वाढवलं. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलंच तर माझ्याकडे बोट दाखवायचे. "ही एकटी दहा जणींना भारी आहे, आणखी एक आणून घर पाडू का?" मी भांडखोर आहे, ते मी नाकारत नाही. दूधवाल्यापासून वीजमंडळापर्यंत सगळ्यांशी मीच भांडते, म्हणून काका मला वकीलबाई म्हणतात.

आमचा धंदा जिवंत खेकड्यांचा. आम्ही पकडत नाही आणि पाळतही नाही. लांबच्या खाड्यांवरून दलाल माल पाठवतो, चिखलातले मोठे खेकडे, नांग्या सुतळीनं बांधलेले, टोपल्यांत रचून. आम्ही टोपल्या उघडतो, मेलेले बाजूला काढतो, जिवंत असतील त्यांना टाकीच्या पाण्यात विसावू देतो, आणि मग ओल्या गोणपाटात गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यांत परदेशी पाठवतो. रिकाम्या टोपल्या त्याच ट्रकनं माघारी जातात. एवढाच धंदा. ऐकायला सोपा वाटतो, पण खेकडा मेला की तासाभरात सगळ्या खोक्याला वास लागतो, त्यामुळे डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

शेडमध्ये टाक्यांच्या पंपाची बुडबुड सतत चालू असते. तिच्याखाली आणखी एक आवाज असतो. बंद टोपलीत खेकड्यांचे पाय एकमेकांवर घासतात, वाळक्या पाल्यावरून कुणीतरी दबकत चालल्यासारखे. मला तो ऐकूच येत नाही आता. काकांना यायचा. ते मध्येच हात थांबवून कान द्यायचे. पाण्याच्या बाजूची खिडकी त्यांनी मी लहान असतानाच फळी ठोकून बंद केली होती. समुद्र इथून हाकेच्या अंतरावर आहे, पण माझ्या आठवणीत काका कधी त्या बाजूला फिरकलेले नाहीत. उभा जन्म खाऱ्या पाण्यात हात घालून काढला, आणि पाण्याचं नाव काढलं की पाचावर धारण.

काका डावखुरे आहेत. चहाचा कप डाव्या हातात, हातोडा डाव्या हातात, आणि मला आयुष्यात एकदाच कानाखाली बसली तीही डावीच. पण एक काम ते उजव्या हातानं करायचे. रिकाम्या टोपल्यांची चळत बांधून ट्रकमध्ये चढवायची असली की दोरी उजव्या हातात घ्यायचे आणि वेड्यावाकड्या, कशाबशा गाठी मारायचे. ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून दमायचा. "काका, डाव्या हातानं बांधा ना, तो बिचारा म्हातारा होईल तोवर," मी म्हणायचे. "व्यायाम होतो," ते म्हणायचे. एरवी घरात सगळीकडे त्यांचीच गाठ असायची. आजोबांनी आपल्या दोन्ही डावखुऱ्या मुलांना शिकवलेली गाठ होती ती. दोरी डावीकडून फिरवायची आणि टोक उलटं आत खोचायचं. कितीही हिसडे द्या, सुटत नाही, पण खोचलेलं टोक ओढलं की एका झटक्यात सगळी मोकळी. माझी शाळेची पाण्याची बाटली, कपडे वाळत घालायची दोरी, सगळं त्याच गाठीवर लटकलेलं असायचं. मलाही येते ती, पण मी उजवी, त्यामुळे माझी आरशात पाहिल्यासारखी उलटी होते.

मग मान्यतेचं लचांड आलं. परदेशातल्या व्यापाऱ्यानं कळवलं की यापुढे जिवंत माल नुसता पुन्हा भरून पाठवणाऱ्या जागेलाही सरकारी मान्यता लागेल, नाहीतर पुढच्या हंगामापासून तो आमचा माल उतरवून घेणार नाही. दुसरा व्यापारी आम्हाला नव्हता. म्हणजे मान्यता मिळाली तर शेड राहणार, नाहीतर कुलूप लागणार. खेकडे सोडून काकांना जगात दुसरं काही येत नव्हतं. बायकांच्या चुली याच कामावर पेटत होत्या.

मी पदर खोचला. आवक खोली वेगळी, जावक खोली वेगळी, मध्ये एकच दार. माल एकाच दिशेनं जायचा, मागे यायचा नाही. दारात पाय बुडवायला औषधाच्या पाण्याची कुंडी. नळ हातानं उघडायचा नाही, कोपरानं उघडायचा. बल्बांना जाळी, गटाराला जाळी, उंदीर आलाच तर त्यानंही परवानगी काढावी अशी व्यवस्था. बाहेरून आलेलं पाणी औषध घातल्याशिवाय सोडायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा की बाहेरून आलेल्या प्रत्येक खेकड्याची जुनी सुतळी आवक खोलीतच काढायची, खेकडा धुवायचा, तपासायचा आणि आपल्या स्वच्छ पांढऱ्या सुतळीनं नव्यानं बांधायचा. जुन्या सुतळीबरोबर तिकडचा चिखल आणि चिखलाबरोबर तिकडचा रोग येतो, म्हणून.

काकांनी सगळं मुकाट्यानं केलं. फरशा बसवल्या, कुंडी बांधली. फक्त सुतळीचा नियम मी वाचून दाखवला तेव्हा विचारलं, "सगळ्यांची काढायची?"

"सगळ्यांची."

"एखाद्याची राहिली तर?"

"काका, मी मराठीत वाचतेय ना?"

त्यांनी छताकडे बघत मान हलवली.

तपासणीचा अधिकारी सभ्य माणूस निघाला. मी भांडायच्या तयारीत होते आणि हा आल्या आल्या स्वतःहून कुंडीत बूट बुडवून आत आला. टाक्या पाहिल्या, जाळ्या पाहिल्या, कोपरानं नळ उघडून हात धुतले. माझा जीव भांड्यात पडत चालला होता. शेवटी जावक खोलीत जाऊन त्यानं एक भरलेलं खोकं उघडायला सांगितलं. वरचे खेकडे पांढऱ्या सुतळीत, अगदी शाळेच्या गणवेशात असल्यासारखे. त्यानं गोणपाट बाजूला केला, खालच्या थरात हात घातला आणि एक खेकडा वर काढला.

"हा?"

मी गाठ पाहिली. डावीकडून फेरा, उलटं खोचलेलं टोक. माझ्या जिवात जीव आला. "हा आमचाच आहे साहेब. काकांनी बांधलाय. ही आमच्या घरची गाठ, आजोबांपासूनची, ती दुसऱ्या कुणाला येत नाही."

"बाई," तो शांतपणे म्हणाला, "सुतळी बघा."

सुतळी तपकिरी होती. तिच्या पिळांत काळा चिखल वाळून बसला होता. तपकिरी सुतळी आम्ही कधीच विकत घेतली नव्हती, ती दलालाच्या मालाबरोबर यायची. गाठ आमच्या घरची आणि सुतळी परक्याची. मी वर पाहिलं तर काका भिंतीला टेकून उभे होते, चेहरा पिठासारखा पांढरा.

अधिकाऱ्यानं मान्यता रोखली. पण माणुसकी ठेवली त्यानं. महिनाभरात दोष दूर करा, माल नेमका कुठून येतो आणि कोण बांधतं ते तिथे जाऊन बघून त्याचा दाखला आणा, बाहेरून आलेल्या टोपल्यांची ती चळत इथून हलवा, मी पुन्हा एकदा येईन, असं म्हणाला. तेव्हाही दोष दिसला तर मात्र अर्ज कायमचा फेटाळला जाणार होता.

तो गेल्यावर मी काकांना धारेवर धरलं. तोंडाचा पट्टा सोडला म्हणा ना. इतके दिवस राबलो, एका खेकड्यानं घात केला, तुम्हाला दिसत नाही का, की मुद्दाम केलंत? शेवटचं मी रागात बोलून गेले होते.

"मुद्दाम," काका म्हणाले.

ते उलट्या टोपलीवर बसले. "हे खेकडे येतात. प्रत्येक गाडीत असतात. कुणाच्या नजरेला पडायच्या आत मीच ते उचलतो. मी त्यांची गाठ सोडत नाही. कापतही नाही. तशीच पुढे पाठवतो. पहिल्यापासून."

"कुणाची गाठ आहे ती?"

"तुझ्या बापाची."

मला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण ते सरळ माझ्याकडे बघत होते, आणि काका खोटं बोलताना कधी माणसाकडे बघत नाहीत, छताकडे बघतात.

मग त्यांनी सांगितलं. दोघे भाऊ दोन छोट्या होड्या घेऊन खेकड्यांच्या सापळ्यांवर जायचे. हवा बिघडली की होड्या दोरानं एकमेकींना जोडायच्या, म्हणजे चुकामूक होत नाही, ही आजोबांची शिस्त. त्या संध्याकाळी वारा सुटला आणि समोरचा हात दिसेना असं पाणी उडायला लागलं. दोर बांधलेला होता, माझ्या वडिलांच्या टोकाला हीच गाठ, काकांच्या टोकाला लोखंडी कडी. मागून वडील ओरडायचे, "दादा, आहेस ना?" काका ओरडायचे, "आहे!" पुन्हा हाक, पुन्हा उत्तर. काकांच्या होडीत पाणी भरत होतं आणि मागची होडी त्यांना खडकांकडे ओढत होती, निदान त्यांना तसं वाटलं. त्यांनी कोयता घेतला आणि दोर कापला.

"त्यानंतर एकदा हाक आली," काका म्हणाले. "नाही, आली की नाही तेही आता सांगता येत नाही. मी उत्तर दिलं नाही. काय देणार होतो?"

पंपाची बुडबुड चालू होती. कोपऱ्यातल्या टोपल्यांतून पाय घासत होते.

"तो बुडाला असंच धरून चाललो होतो. तुझी आईही तेच धरून गेली. नंतर या दलालाचा माल सुरू झाला आणि दुसऱ्या की तिसऱ्या गाडीत ही गाठ आली. म्हणजे तो जिवंत आहे. जिवंत आहे आणि घरी येत नाही. का येत नाही ते मला ठाऊक आहे. दोराची ओढ बसेनाशी झाली असेल तेव्हाच त्यानं ओळखलं असणार."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "माझा बाप होता तो, काका. मी बापाशिवाय वाढले, आणि तुम्ही इथे बसून त्याच्या गाठी मोजत होता?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस. त्यानं तुला सांगितलं असतं. मग तू परत आली असतीस का?"

मला रडू कोसळलं, आणि रडताना राग जास्तच येतो मला. मी दार आपटून घरी गेले. वाटेत एक गोष्ट डोक्यात आली आणि पाय जागीच थबकले. मी लगेच मागे फिरले. काका तिथेच बसलेले होते.

"कापताना दोर ताणलेला होता, की सैल होता?"

"तेवढं एकच आठवत नाही," ते म्हणाले. "बाकी सगळं आठवतं."

दलालानं आढेवेढे घेतले, पण दाखल्याशिवाय धंदा बसणार म्हटल्यावर पत्ता दिला. एसटीनं अख्खा दिवस गेला. वाटेत मी बापाला काय काय बोलायचं त्याची तयारी करत होते. इतकी वर्षं काय करत होतात? एक पोरगी मागे ठेवलीत, तिची आठवण आली नाही? मोठं भाषण तयार केलं होतं. खाली उतरले तेव्हा त्यातला एक शब्द आठवत नव्हता.

जागा म्हणजे खाडीच्या काठावर पत्र्याचं एक छप्पर, खाली चिखलाच्या पाण्याचे हौद आणि जमिनीवर बसून खेकडे बांधणारी माणसं. मी एकेकाचे हात बघत गेले. टोकाला माझ्याच वयाची एक बाई बसली होती. खेकडा पायाच्या अंगठ्याखाली धरलेला, तपकिरी सुतळी डावीकडून फिरत होती. टोक उलटं आत.

"ही गाठ कुणी शिकवली तुम्हाला?"

तिनं मान वर केली नाही. "मामांनी. आमच्याकडे होते एक. एका मालवाहू गलबतानं समुद्रातून उचलून इथे आणून टाकलेले. माझ्या आईनं ठेवून घेतलं. मी डावखुरी, सगळे चिडवायचे, तर त्यांनी मला जवळ बसवून हे काम शिकवलं."

"कुठे आहेत ते?"

आता तिनं वर पाहिलं. माझा चेहरा पाहून ती जरा थबकली असावी, कारण तिनं खेकडा खाली ठेवला.

"गेले. छातीचा आजार होता. बरीच वर्षं झाली."

मी तिथेच चिखलात बसले. ती पाणी घेऊन आली. मी कोण ते सांगितलं तेव्हा ती माझा हात धरून बसून राहिली, तिच्या हाताला चिखलाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास होता, काकांच्या हाताला येतो तसाच. मग मी तिला विचारलं ते घरी का आले नाहीत. मी कितीही कठोर उत्तर ऐकायला तयार होते.

"त्यांना तोंड नव्हतं दाखवायला," ती म्हणाली. "भावाला बुडवून आलो, असं म्हणायचे. वादळात दोन होड्या बांधलेल्या होत्या. भावाच्या होडीत पाणी भरलं, ती यांनाही खाली ओढेल अशी भीती वाटली, आणि यांनी गाठ ओढून दोर सोडून दिला. एका झटक्यात सुटते ना ही गाठ. मामा म्हणायचे, आमच्या बापानं ही गाठ शिकवलीच नसती तर बरं झालं असतं. सोडायला थोडा जरी वेळ लागला असता तर माझी मती ठिकाणावर आली असती."

"पण काका तर…"

"घरी एक मुलगी आहे म्हणायचे. तिच्या काकाला मारून तिच्यासमोर कसा उभा राहू, म्हणायचे. आणि एक खोड होती त्यांना. काम करता करता मध्येच विचारायचे, 'आहेस ना?' आम्ही म्हणायचो, आहे मामा, इथेच आहे. तर चिडायचे. 'तुला नाही विचारलं,' म्हणायचे. मग थांबायचे. ऐकत राहायचे."

काका जिवंत आहेत हे मी तिला सांगितलं, शेडचा नंबर दिला, दाखल्यावर तिचा अंगठा घेतला, दलालाची सही घेतली आणि निघाले. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून बसले होते. बाबांची दया आली आणि राग तितकाच आला. काकांना सांगायचं की नाही, हा एकच विचार मनात होता. न सांगता चाललं असतं. दाखला मिळाला होता. पण काका त्या गाठी कापणार नव्हते, आणि मान्यता त्या गाठींवरच अडली होती. खरं सांगायचं तर ती अडली नसती तरीही मी सांगितलंच असतं. आमच्या घरात आधीच पुष्कळ गोष्टी पोटात ठेवून झाल्या होत्या.

काका आवक खोलीच्या दारात उभे होते. मी सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. ते उभ्या उभ्या ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "म्हणजे तो मला मेलेला समजून गेला."

"हो."

"त्यानं माझ्यावर राग धरला नव्हता."

"नाही काका. तुमच्यासारखाच तोही स्वतःला खात बसला होता."

मला वाटलं आता रडतील, हलकं वाटेल त्यांना. पण त्यांची नजर कोपऱ्यातल्या रिकाम्या टोपल्यांवर गेली आणि तिथेच चिकटून बसली. ओठ हलत होते. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं.

"तिथे टोपल्या कोण उतरवून घ्यायचं? विचारलंस?"

विचारायची गरज नव्हती, त्या बाईनं बोलता बोलता सांगितलंच होतं. परत आलेल्या टोपल्या सोडायचं काम मामांचं होतं, अंगात ताकद होती तोवर.

काकांनी आपला उजवा हात समोर धरला आणि त्याच्याकडे बघितलं. "त्यानं ओळखू नये म्हणून," ते म्हणाले. "मी इथे आहे हे त्याला कळू नये म्हणून मी या हातानं बांधायचो. एकदा जरी चुकून डावा हात लागला असता…"

त्यांनी तो हात खाली घेतला. इतकी वर्षं प्रत्येक ट्रकबरोबर इथून एक उत्तर जाऊ शकत होतं, आणि ते जाऊ नये म्हणून काका घाम गाळत होते. मी त्या गाठींना हसायचे. टोपल्या बांधायला एवढा वेळ का लागतो म्हणून त्यांची चेष्टा करायचे.

त्या दिवसापासून काकांनी "आहे" म्हणणं सोडलं. बायकांनी दोन दिवस वाट पाहिली, मग एकीनं हळूच मला विचारलं, "काका बरे आहेत ना? हजेरी बंद झाली." शेड एकदम मोठी वाटायला लागली. आता मलाही टोपल्यांतला तो आवाज ऐकू यायचा, पाय घासल्याचा, आणि मी मान वर करून कुणी आलं का ते बघायचे.

दुसऱ्या तपासणीआधी बाहेरच्या टोपल्या माघारी पाठवायच्या होत्या. यापुढे माल एकदाच वापरायच्या खोक्यांतून येणार होता, म्हणून या शेवटच्याच टोपल्या. ट्रक दारात उभा राहिला. मी दोरी पुढे केली. काकांनी ती घेतली, थोडा वेळ नुसती धरून ठेवली आणि डाव्या हातात घेतली. फेरा डावीकडून, टोक उलटं आत. एक चळत झाली, दुसरी झाली. हात असा भराभर चालत होता की ट्रकवाला बघतच राहिला. "काका, हे आधी का नाही केलंत?" तो म्हणाला. बिचाऱ्याला काय माहीत. मी त्याला चहा दिला आणि गप्प बसवलं.

अधिकारी ठरल्याप्रमाणे आला. आवक खोलीत ताजा माल होता. वरच्याच थरात तपकिरी सुतळीतला, त्या गाठीचा खेकडा. अधिकाऱ्यानं कात्री काकांपुढे सरकवली.

"कात्री नको," काका म्हणाले. "ही सोडता येते."

त्यांनी खेकडा उलटा केला, खोचलेलं टोक चिमटीत धरलं आणि थांबले. त्यांचे डोळे मिटलेले होते. मग त्यांनी टोक ओढलं. सुतळी एका झटक्यात मोकळी होऊन टेबलावर पडली. खेकड्यानं नांग्या उघडल्या आणि अधिकारी दोन पावलं मागे सरला, पण काकांनी त्याला मागून धरलं, धुतलं आणि पांढऱ्या सुतळीनं बांधलं. मग दुसरा घेतला. त्यातही तीच गाठ. तीही ओढली. गाडीतल्या एकेका खेकड्याची गाठ त्यांनी त्या दिवशी सोडली आणि सुतळीचा ढीग नियमाप्रमाणे औषधाच्या पाण्यात टाकला. अधिकाऱ्यानं जावक खोलीतली तीन-चार खोकी उघडून पाहिली. सगळीकडे पांढरंच होतं.

"मान्यता मिळेल," तो जाताना म्हणाला. "तुमच्या काकांना बरं नाही का?"

"आता बरं होईल," मी म्हणाले. मला तशी काही खात्री नव्हती.

मान्यता आली. आवक खोलीच्या दारावर मी आमचा क्रमांक रंगवून घेतला, बायकांनी टाळ्या वाजवल्या, काकांनीही वाजवल्या. दोनेक दिवसांनी दुपारी फोन वाजला. खाडीवरची ती बाई होती.

"ताई, टोपल्या आज पोचल्या, इतके दिवस दलालाकडे पडून होत्या," ती म्हणाली. मग थांबली. "तुमच्या काकांनीच बांधल्या असणार, हे माहीत होतं मला. तरी ट्रकचं फळकट उघडलं आणि अंगावर काटा आला. सगळ्या गाठी मामांच्या. मी मागे वळून बघितलं हो. खरंच बघितलं. मामा म्हणायचे, ही गाठ तुझ्याआधी जगात दोघांनाच यायची, आणि दुसरा पाण्यात आहे. त्यांच्या डोळ्यांनी एकदा बघायला हवं होतं." ती रडत होती. "मी अजून सोडल्या नाहीत. काकांना देता का जरा?"

मी फोन काकांना दिला. त्यांनी तो डाव्या हातानं कानाला लावला. टाकीत पंप बुडबुडत होता. काका फळी ठोकलेल्या खिडकीकडे बघत होते. बराच वेळ दोन्हीकडून कुणी बोललं नाही, तेव्हा लाईन कट झाली असं तिला वाटलं असावं. मला एवढ्या लांबूनही तिचा बारीक आवाज ऐकू आला.

"हॅलो? आहात ना?"

काकांनी फोन कानाला घट्ट दाबला.

"आहे," ते म्हणाले. "आहे रे, आहे."

तिनं त्यांची चूक दुरुस्त केली नाही. फोन कानाला तसाच धरून काका भिंतीला टेकून खाली बसले, आणि बायकांनी हातातलं काम ठेवून दिलं.